पार्सल जातं तेव्हा नाही, टिकतं तेव्हा कमाई होते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अमळनेरहून सुरतच्या कुर्त्या आणि घरचे उडदाचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) ऑनलाइन विकता, ऑर्डरी रोज येतात, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही, कुरियरवाले वजन जास्त लावतात, शंभरातले तीसेक पार्सल परत येतात, आणि आता भाव वाढवावा की ऑनलाइन बंदच करावं असं तुम्ही विचारलंय. मी जळगावात बरीच वर्षं हेच काम करतोय, चटया, कुर्त्या, मसाले सगळं पाठवून झालंय. माझं स्पष्ट मत सांगतो, बंद करू नका आणि भावालाही एवढ्यात हात लावू नका. तुम्ही शिपिंगचा हिशोब वेगळा आणि रिटर्नचा वेगळा बघताय, खरं तर तो एकच खर्च आहे, आणि तो गेलेल्या ऑर्डरवर नाही तर गिऱ्हाइकाकडे टिकलेल्या ऑर्डरवर पसरवायचा असतो.

आकडे धरून बघू, आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा कुर्तीची खरेदी २२० रुपये, पॅकिंग ८ रुपये, आणि कमिशन, जाण्याचं शिपिंग सगळं कापून मार्केटप्लेस, म्हणजे ज्या ऑनलाइन बाजारावर आपण विकतो ते, तुम्हाला ३१० देतं. म्हणजे नगामागे ८२ रुपये सुटले असं आपण धरून चालतो. आता १०० ऑर्डरी पाठवल्या, त्यातल्या १८ गिऱ्हाइकापर्यंत गेल्याच नाहीत किंवा दारातूनच परत आल्या, १२ गिऱ्हाइकाने घेऊन, उघडून परत केल्या, उरल्या ७०. ७० गुणिले ८२ म्हणजे ५,७४०. त्यातून परत आलेल्या ३० नगांचं वाया गेलेलं पॅकिंग २४० गेलं, १२ रिटर्नचं परतीचं शिपिंग १५० रुपयांनी १,८०० गेलं, आणि आलेल्या मालातले ५ नग डाग पडलेले, वास लागलेले निघाले जे बाजारात १०० रुपयाला काढावे लागले, तिथे ६०० गेले. उरले ३,१००. म्हणजे ८२ नाही, टिकलेल्या नगामागे फक्त ४४ रुपये. आणि हाच माल स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून किंवा वेबसाइटवरून कॅश ऑन डिलिव्हरी पाठवला असता तर त्या १८ पार्सलांचं जाणं-येणं तुमच्या गळ्यात पडलं असतं, दोन्हीकडचं मिळून १२० धरलं तरी अजून २,१६० गेले.

पण यातली खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. एक गिऱ्हाईक-रिटर्न थांबवला तर काय वाचतं? १५० परतीचे, ८ पॅकिंगचे, आणि ८२ नफ्याचे जे आता खरोखर मिळतात, झाले २४०. आणि एक नवी ऑर्डर आणली तर सरासरी ३१ रुपये सुटतात, कारण त्या नव्या ऑर्डरीतल्याही काही परत येणारच. म्हणजे एक रिटर्न थांबवणं हे सात-आठ नव्या ऑर्डरी आणण्याइतकं आहे. आणि आपण सगळे काय करतो, तर जाहिरातीवर पैसे टाकून नव्या ऑर्डरीच्या मागे पळतो. म्हणून म्हटलं आधी भाव नाही, आधी रिटर्न.

दारातून परत येणं, ज्याला सगळे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आणि गिऱ्हाइकाने उघडून परत करणं या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. दोघांची कारणं वेगळी, खर्च वेगळा, इलाज वेगळा. बऱ्याच मार्केटप्लेसवर आरटीओचं शिपिंग विक्रेत्याकडून घेत नाहीत आणि रिटर्नचं घेतात, पण हे नियम बदलत राहतात म्हणून मार्केटप्लेसवरच्या तुमच्या विक्रेता-खात्यातलं, म्हणजे पॅनलमधलं, रेटकार्ड दर महिन्याला उघडून वाचायचंच. आणि बँकेत आलेल्या रकमेवर कधीच अंदाज बांधू नका, कारण मागच्या महिन्यातल्या ऑर्डरीचा रिटर्न या महिन्याच्या पेमेंटमधून कापला जातो, त्यामुळे चांगला महिना वाईट दिसतो आणि वाईट महिना चांगला. ऑर्डरवार सेटलमेंट शीट (कोणत्या ऑर्डरीचे किती आले, किती कापले याचा तक्ता) डाउनलोड होते, ती एक्सेलमध्ये टाकून ऑर्डर नंबरने जुळवा, एवढं एक काम आठवड्यातून एका दुपारी बसून केलं तरी अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

आता वजनाचं. कुरियर काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त ते लावतो. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं, जे येईल ते किलो. जळगावच्या एमआयडीसीतली प्लॅस्टिकची चटई याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. चटईचं वजन ९०० ग्रॅम, पण सैल घडी करून ४५ बाय ३५ बाय १० चं पार्सल बनवलं की १५,७५० भागिले ५,००० म्हणजे ३.१५ किलो, ५०० ग्रॅमच्या स्लॅबने, म्हणजे टप्प्याने, थेट साडेतीन किलोचे पैसे. तीच चटई दाबून, दोरी मारून ४५ बाय ३० बाय ६ मध्ये बसवली तर १.६२ किलो, म्हणजे दोन किलोचा स्लॅब. माल तोच, फरक फक्त घडी घालणाऱ्या हाताचा. कुर्तीत तेच होतं, बॅग मोठी घेतली आणि आत हवा राहिली की कुरियरच्या हबवरच्या (पार्सल जमा होतात त्या केंद्रावरच्या) मशीनला ती उशीसारखी फुगलेली दिसते आणि मशीन तो फुगवटाच मोजतं. कुर्ती घडी घालून हाताने दाबायची, हवा काढायची, बॅग मालाच्या मापाची घ्यायची आणि उरलेला भाग मागे दुमडून टेप मारायची. आणि प्रत्येक एसकेयूचं (डिझाइन-साइजप्रमाणे मालाचा वेगळा कोड) एक पॅक केलेलं पार्सल काट्यावर ठेवून फोटो काढा, बाजूला मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ते फोल्डर कायम ठेवा. वजन जास्त लागलं की डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, टाकायला ठरावीक दिवसच मिळतात, त्या वेळी फोटो शोधत बसलं की मुदत जाते.

पापडाचं गणित थोडं वेगळं. १ किलो पापड आणि खोका मिळून १,०८० ग्रॅम भरतं आणि तुम्ही दीड किलोच्या स्लॅबचे पैसे भरता. ८० ग्रॅमसाठी अर्ध्या किलोचं भाडं! पाकीट ९०० ग्रॅमचं करा, तसा भाव लावा, एकूण वजन किलोच्या आत ठेवा. मात्र पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी आणि ग्रॅममागे किती पडतं ती किंमत स्पष्ट छापलेली पाहिजे, आणि लिस्टिंगमध्येही ९०० ग्रॅम ठळक लिहा, नाहीतर किलो समजून घेतलेलं गिऱ्हाईक वजन कमी निघालं म्हणून तक्रार करणारच आणि त्यात त्याचं चूक नाही. खोका पापडाच्या व्यासाला लागून असावा, पापड आत हलला की तुटला. बिबडे तर त्याहून ठिसूळ. मी वर-खाली पुठ्ठ्याची गोल चकती आणि मध्ये थप्पी ताणून बांधलेली असं पाठवतो, नुसत्या बबल रॅपने भागत नाही. ब्राउन टेपही जरा चांगली घ्या, वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा हलक्या टेपचा गोंद सुटतो आणि खोका रस्त्यातच उघडतो. पावसाळ्यात आत एक प्लॅस्टिकची पिशवी जास्तीची, पापडाला ओल लागली की तो गेला.

खाण्याच्या मालाला अजून एक अट आहे. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमाने ऑनलाइन विकलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा संपायला ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. म्हणजे आरटीओ होऊन फिरून आलेलं पापडाचं पाकीट डोळे झाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाठवू नका, तारीख बघा, सील बघा, आणि पाकीट उघडलेलं असेल तर ते विकायचंच नाही, किती का नुकसान होईना. कोणाच्या तरी घरातलं लेकरू ते खाणार आहे.

कुर्तीच्या रिटर्नकडे येतो, कारण पैसा तिथे जातोय. पॅनलमधून रिटर्न रिपोर्ट काढा आणि एसकेयूप्रमाणे लावा, कारणाप्रमाणे नंतर. बहुतेक वेळा सगळा माल सारखा परत येत नाही, दोन-तीन डिझाइनच अर्धे रिटर्न आणतात. ती डिझाइन आजच थांबवा, कितीही खपत असली तरी. मग उरलेल्यात कारण बघा. साइज हे कारण सगळ्यात जास्त दिसेल, आणि त्याचं मूळ असं की सुरतच्या व्यापाऱ्याने दिलेला साइज चार्ट आपण तसाच चिकटवतो. एकाच व्यापाऱ्याच्या दोन लॉटमध्ये एल साइज इंच-दीड इंचाने इकडेतिकडे असतो. गठ्ठा उघडला की प्रत्येक साइजचा एक नग टेबलावर पसरवायचा आणि स्वतः फितीने छाती, कंबर, खांदा, बाही, लांबी मोजायची, आणि चार्टमध्ये तेच आकडे टाकायचे, सोबत एक ओळ लिहायची की हे कपड्याचं माप आहे, अंगाचं नाही, अंगापेक्षा दोन इंच जास्त घ्या. ही एक ओळ फार कामाची आहे. गठ्ठा बदलला की माप परत घ्यायचं.

रंगाचं कारण असेल तर फोटो स्टुडिओचा दिवा लावून काढलेला असतो हे धरून चाला. गच्चीवर सकाळच्या उजेडात एक फोटो आणि कापड हातात धरून जवळून एक फोटो, दोन्ही लिस्टिंगमध्ये टाका. आणि रेयॉनला कॉटन लिहू नका, व्यापारी लिहितो म्हणून आपण लिहायचं नाही. त्याने चार ऑर्डरी जास्त येतील पण त्या सगळ्या परत येतील, वर कायद्यातही तुम्ही अडकाल. २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की माल खराब, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, आणि सांगितलेल्या तारखेनंतर पोचला तरी तेच, आपल्या हाताबाहेरचं मोठं कारण असेल तर तेवढी सूट. ‘नो रिटर्न’ असं पाकिटावर छापून हा नियम टळत नाही. मला तो योग्यच वाटतो.

मात्र खोटे रिटर्न हा वेगळा विषय, तिथे मुळीच गप्प बसायचं नाही. नव्या कुर्तीच्या जागी जुनी ओढणी येते, टॅग कापलेला येतो, रिकामी पिशवी येते. क्लेम मिळतो, पण पुरावा सलग व्हिडिओचा लागतो, आणि तो कसा काढायचा हे नीट सांगतो. मोबाइल स्टँडवर, टेबल पूर्ण दिसेल असा. पार्सल कापायच्या आधी लेबल कॅमेऱ्याजवळ न्यायचं, एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा कुरियरचा पार्सल नंबर) वाचता आला पाहिजे, मग सहाही बाजू फिरवून दाखवायच्या, टेप आधीच कापून परत चिकटवलेली असेल तर तिथे थांबायचं. मग कटर. मग आतला माल बाहेर काढून उलगडायचा, टॅग दाखवायचा, डाग असेल तर बोट ठेवून दाखवायचा, आणि रिकामी बॅग उलटी करून झटकायची. मध्ये कुठेही व्हिडिओ थांबवायचा नाही, कोणाचा फोन येऊ नये म्हणून मोबाइल एअरप्लेन मोडवर. माझा एकदा असा क्लेम एका मार्केटप्लेसने पहिल्यांदा नाकारला होता, त्याच व्हिडिओतला लेबलचा आणि आतल्या जुन्या कपड्याचा स्क्रीनशॉट सेकंदासकट लावून परत टाकला तेव्हा मंजूर झाला. म्हणून एकदा नाही म्हटलं की सोडून देऊ नका, तिकीट परत उघडा. पाठवतानाही महागाच्या मालाचा पॅकिंग व्हिडिओ ठेवा.

आणि रिटर्न घेऊन येणारा पोरगा. तो घाईत असतो, पोत्यातून गठ्ठा काढतो, म्हणतो भाऊ एक ओटीपी सांगा, सगळे एकदम टाकून देतो. ओटीपी द्यायचा नाही. त्याला प्रेमाने बसवायचं, भो चहा घे, आणि यादीतला एकेक एडब्ल्यूबी पार्सलाशी जुळवायचा, जे नाही ते त्याच्यासमोर यादीतून काढायला लावायचं, फाटलेलं पार्सल असेल तर त्याचा फोटो तिथल्या तिथे. ओटीपी गेला की कागदावर सगळे नग तुम्हाला मिळाले, मग न आलेल्या नगासाठी भांडणं फार अवघड जातं. पाच-दहा मिनिटं लागतात, पण यात जेवढं नुकसान टळतं तेवढं दुसऱ्या कशातच नाही.

आरटीओ कमी करायला दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली, त्याच दिवशी पाठवणं. कॅश ऑन डिलिव्हरीचं गिऱ्हाईक जितके दिवस थांबतं तितकं त्याचं मन बदलतं, तोवर ते बाजारातून घेऊनही येतं. तालुक्याला पिकअप एक दिवसाआड येत असेल तर ज्या मार्केटप्लेसवर जवळच्या हबवर स्वतः नेऊन द्यायची सोय आहे तिथे ती घ्या. दुसरी, सणाचा हिशोब. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, कानबाईच्या सणाला घरोघर पाहुणे, त्याच्या आधीचे आठ दिवस ऑर्डरी धो धो येतात आणि सण झाल्यावर पोचलेलं पार्सल गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवतं. सणाच्या चार-पाच दिवस आधी लांबच्या राज्यांची डिलिव्हरी बंद करता येत असेल तर करा, जवळचीच ठेवा. स्वतःच्या व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींना तर आधी ॲडव्हान्स घ्याच, शंभर रुपये का होईना. शंभर रुपये दिलेलं गिऱ्हाईक सहसा दार बंद ठेवत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या पुण्या-मुंबईच्या आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी पोस्ट विसरू नका. खासगी कुरियर जिथे ‘सर्व्हिस नाही’ म्हणतात तिथे पोस्टमन जातो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, आणि १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांसोबत ओटीपी घेऊनच डिलिव्हरी देण्याची सोय आली, नगामागे ५ रुपये अधिक जीएसटी. महागाची वस्तू असेल तर हे ५ रुपये जरूर द्या, ‘मला मिळालंच नाही’ हा वाद तिथेच संपतो.

जीएसटीचं एक सांगतो कारण खान्देशात ते जास्त आडवं येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही पोर्टलवर एनरोलमेंट घेऊन मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. म्हणजे रावेरचा माणूस नागपूरला विकू शकतो आणि शेजारच्या बऱ्हाणपूरला नाही, नवापूरवाल्याला गुजरात अंगणाला लागून आहे पण तिथे नाही. जवळचं शिपिंग स्वस्त असतं आणि आपलं जवळचं अर्धं गिऱ्हाईक गुजरात, मध्य प्रदेशात आहे, सुरतेत तर किती खान्देशी माणूस राहतो, आखाजीला बिबडे तोच मागवतो. त्यामुळे कुर्तीत जम बसला की नंबर घ्या, शिपिंग आणि कमिशनवर लागणाऱ्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या जीएसटीतून वजा होते, कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोप्या कराची योजना) घेतलं तर मात्र ते मिळत नाही आणि राज्याबाहेरही विकता येत नाही. नंबर असेल तर मार्केटप्लेस ०.५ टक्का टीसीएस (तुमच्या नावाने आधीच कापून भरलेला कर) कापतं, रिटर्न वजा जाऊन उरलेल्या विक्रीवर, तो पोर्टलवर जाऊन स्वीकारला की कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात) जमा होतो. कित्येक जण तो स्वीकारतच नाहीत आणि स्वतःचे पैसे तिथेच पडू देतात. रिटर्न आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटाही (बिल रद्द झाल्याची नोंद) वेळेत दाखवा, नाहीतर न झालेल्या विक्रीवर टॅक्स भराल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी आधी रिटर्न रिपोर्टमधली वरची दोन-तीन कुर्ती डिझाइन बंद करीन, उरलेल्यांची मापं स्वतः घेऊन चार्ट बदलीन, आणि एक महिना भावाला हात न लावता टिकलेल्या नगामागे किती सुटतं ते लिहीन. पापड-बिबडे एकेक पाकीट विकू नका, उडीद, बिबडे आणि नागली असा तीन पाकिटांचा सेट करा. एका पार्सलाचं भाडं तीन पाकिटांवर पडतं, आणि माल खराब झाला, तुटला तर तेवढं एक पाकीट नव्याने पाठवून गिऱ्हाईक राखता येतं. महिन्यानंतरही कुर्तीत टिकलेल्या नगामागे तीस-चाळीसच सुटत असतील तर मग भाव वीस-पंचवीसने वाढवा, ऑर्डरी थोड्या कमी होतील, होऊ द्या.